नाव केव्हा लोटावी?

मार्कंडा हे क्षेत्र गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या थडीवर वसले आहे. 1982 साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तोवर हा सारा झाडीचा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. दक्षिणेस चाललेली वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते. म्हणून ती उत्तरवाहिनी, आणि म्हणून हे स्थान आमच्या लोकांची काशी. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. क्षेत्र शिवाचे खरे; पण ज्या पांडुरंगाच्या मस्तकी शिवलिंग आहे असे आपण मानतो, त्याच्या वारकऱ्याने हरिहरांत भेद कशाला करावा? आमच्या भागातला माळकरी आषाढीस पंढरीकडे डोळे लावतो आणि शिवरात्रीस मार्कंड्याची वाट धरतो.

नदीकाठच्या क्षेत्राला जायचे म्हणजे नदी आलीच. पूल असतो, पण तो पुष्कळदा मोठ्या फेऱ्यावर असतो; डोंगा मात्र समोर घाटाला लागलेला असतो. धाकटे लेकरू कडेवर, थोरले बोटाला, मागे डोईवर गाठोडे घेतलेली घरधनीण, असा गृहस्थ घाटावर येऊन उभा राहतो आणि पाण्याकडे पाहतो. बसावे की थांबावे? नावाडी म्हणतो, "बसा जी, काही होत नाही." मागून कोणीतरी म्हणतो, "देवाच्या दारी जाताना भेता काय?" आणि तो बसतो. बहुतेक वेळा तो सुखरूप उतरतोही. पण सुखरूप उतरला म्हणून त्याचा निर्णय बरोबर होता असे होत नाही. एकट्या माणसाने आपला जीव धोक्यात घालणे वेगळे. ज्याला अजून हो-नाही म्हणता येत नाही, अशा लेकराला बरोबर घेऊन धोक्यात शिरणे वेगळे. हे केव्हा योग्य, केव्हा अयोग्य, आणि 'देव तारील' या भरवशाचे यात स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

हा विचार नुसता पोथीतला नाही. 2024 सालच्या जानेवारीच्या 23 तारखेस याच चामोर्शी तालुक्यातील गणपूर गावच्या बाया मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा बाया पाण्यात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्याच्या 21 तारखेस सायंकाळी उजनी धरणाच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात सापडली. एकजण पोहून काठाला लागला, सहाजण बुडाले. त्यांत एक नवराबायको होती, आणि त्यांची दोन लहान लेकरे होती. उजनीचे पाणी म्हणजे भीमेचे पाणी. तेच खाली वाहत पंढरीस येते आणि चंद्रकोरीसारखे वळले म्हणून आपण त्यास चंद्रभागा म्हणून वंदन करतो. वाचकहो, ज्या पाण्यात आपण पर्वणीला स्नान करतो त्याच पाण्याची ही हकीकत आहे; ती परक्या मुलखाची नाही.

याहून मोठी हकीकत जुन्या लोकांच्या स्मरणात होती. 17 जुलै 1947 रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येचा सुमार. माणसे घरच्या ओढीने निघालेली. बोटीला नाव संताचे होते. पण संताचे नाव पाटीवर रंगविले म्हणून समुद्र आपला धर्म सोडीत नाही. पाणी पाण्यासारखेच वागते, आणि हे समजून घेणे हा भक्तीला कमीपणा नव्हे.

आता यावर भाविकांकडून ज्या शंका निघतात, त्या आम्ही क्रमाने घेतो.

पहिली शंका अशी की, जो भितो त्याची निष्ठा कच्ची. ज्या क्षेत्राचे नाव आपण घेतले, त्याच क्षेत्राची कथा यावर दाखला म्हणून सांगतात. मृकंडू ऋषींचा मुलगा मार्कंडेय. आयुष्य सोळाच वर्षांचे. यमाचा पाश पडला तेव्हा त्याने शिवलिंगास मिठी मारली, आणि शंकराने यमास मागे सारले. मग लोक म्हणतात, पाहा, मिठी घट्ट असली की मृत्यू फिरतो. तुमची मिठी सैल, म्हणून तुम्हांस डोंग्याची भीती.

अहो, कथा नीट ऐका. मार्कंडेयाच्या आईबापांनी त्याला यमाच्या पाशापुढे नेऊन उभे केले नव्हते. मृत्यू आपण होऊन आला होता. तो टाळण्याची वाट उरली नव्हती. तेव्हा पोराने देवाला धरले. संकट आल्यावर देवाला धरणे ही भक्ती. संकट आपण होऊन ओढवून घेणे आणि मग देवाने यावे म्हणणे, ही देवाची परीक्षा झाली. सेवकाने धन्याची परीक्षा घेऊ नये, इतके तर आपल्यातला लहान टाळकरीही जाणतो.

याच मार्कंडेयाची दुसरी कथा भागवताच्या बाराव्या स्कंधात आहे. प्रलयाचे पाणी चहूकडे पसरलेले, मार्कंडेय त्यात एकटा गटांगळ्या खात फिरतो आहे, आणि त्यास वडाच्या पानावर निजलेले एक बालक दिसते. पायाचा अंगठा तोंडात धरलेले, अगदी निर्धास्त. ते बालक म्हणजे साक्षात परमात्मा. या कथेतून गृहस्थाने एवढे तरी घ्यावे की, पानावर निजून प्रलय तरणारे बालक एकच, आणि ते आपल्या कडेवरचे नव्हे. आपल्या लेकरात आपण देव पाहावा, जरूर पाहावा. पण देव पाहिला म्हणून त्याच्या फुप्फुसांत पाणी जायचे राहत नाही.

आणि आमच्या मते या शंकेचे खरे उत्तर माऊलींनी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात देऊन ठेवले आहे. भवसागराच्या लाटांत आपले भक्त हेलकावे खातात, भितात, हे पाहून देवाच्या पोटात कालवले. त्याने नामांच्या हजारो नावा सजविल्या आणि तो स्वतः तारक होऊन धावत आला. मग त्याने काय केले? सर्वांस एकाच रीतीने पार नेले काय? नाही. जे एकटेदुकटे होते, त्यांस त्याने ध्यानाच्या कासेला लावून, म्हणजे पट्टीचा पोहणारा दुसऱ्यास कमरेला धरायला देतो तसे, पोहत नेले. जे परिग्रही होते, संसारी होते, बायकापोरे घेऊन काठावर उभे होते, त्यांस मात्र त्याने नावेत बसविले. हे स्थळ वाचताना आम्ही दरवेळी थांबतो. लाटांना भिणाऱ्या भक्ताला देवाने 'तुझी निष्ठा कच्ची' असे म्हटले नाही. त्याच्या भीतीनेच देव धावला. आणि एकट्याचे साधन वेगळे, लेकुरवाळ्याचे साधन वेगळे, हा भेद खुद्द देवाने केला. मग वैनगंगेच्या घाटावर आपण तो का विसरावा? सडाफटिंग जवान पोहून जातो म्हणून दोन लेकरांच्या बापाने तसेच जावे असे नाही. त्याचा मापदंडच वेगळा आहे. त्याने आपल्या हातापायांच्या बळावर पाणी मोजू नये. कडेवरच्या लेकराच्या बळावर मोजावे.

दुसरी शंका प्रारब्धाची. व्हायचे ते होणार. ज्याची वेळ भरली तो घरात अंथरुणावरही जाईल. मग नावेला दोष कशाला? हे बोलणे गावोगाव ऐकू येते, आणि दुःख झाल्यावर ते ऐकू आले तर आम्ही त्यास बोल लावणार नाही. ज्या आईचे लेकरू गेले तिला 'तुझे चुकले' म्हणण्यापेक्षा 'प्रारब्ध होते' म्हणणे ही माणुसकी आहे. पण हे औषध घडून गेलेल्या गोष्टीवर लावायचे आहे. घडायच्या आधी लावले तर ते विष होते. प्रारब्धावर भिस्त ठेवणारा कोणीही गृहस्थ आपले रांगते मूल कठडा नसलेल्या विहिरीशेजारी सोडून शेतावर जात नाही. तेथे जर तो सावध असतो, तर नदीवरच त्याला प्रारब्ध का आठवते? आठवते, कारण पलीकडे जाण्याची घाई आहे. आम्हांस वाटते, पुष्कळदा प्रारब्ध हे घाईचेच सोवळे नाव असते.

नाथमहाराजांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पैठणास गोदावरीच्या तापल्या वाळवंटात एक अंत्यजाचे लेकरू पोळत रडत होते. नाथ स्नानाला निघालेले. लोकरीतीप्रमाणे विटाळाचे भय मोठे. त्यांनी ते लेकरू उचलले, कडेवर घेतले, नाक पुसले आणि त्याच्या घरी नेऊन दिले. त्याचे प्रारब्ध म्हणून ते पुढे गेले नाहीत. परक्याच्या लेकराला वाळूचा चटका बसू नये म्हणून संत थांबतो. आणि आपण आपल्याच लेकरापायी एक दिवस थांबू नये काय?

तिसरी शंका नियमाची, आणि ती वारकऱ्याला अधिक बोचणारी आहे. वारी चुकवू नये, हा आपला प्राण. वाडवडिलांपासून चालत आलेला नेम एका पुराने मोडायचा काय? या शंकेचे मोल आम्ही जाणतो. सोय पाहून पाळला तो नेम नव्हे, हे खरेच आहे.

परंतु आपला संप्रदाय उभा कशावर आहे, ते आठवा. पुंडलीक आईबापांचे पाय चेपीत होता. देव दारात आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही. वीट फेकली आणि 'थांब' म्हणाला. देव थांबला, रागावला नाही, कमरेवर हात ठेवून आजवर उभा आहे. घरच्या माणसांची सेवा पुरी होईपर्यंत देवाने थांबावे, यावर आपल्या पंढरीची वीट बसली आहे. मग लेकरांच्या रक्षणासाठी जो एक वारी थांबतो, त्याच्यावर हा देव रागावेल, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? सावता माळी अरणच्या मळ्यात राबत राहिले. देव त्यांच्याकडे गेला, असे आपणच कीर्तनात सांगतो.

शिवाय पूर्वजांनी वाऱ्या चार ठेविल्या आहेत: आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. आषाढीस नद्या भरतात, कार्तिकीस ओसरतात, माघीस वाट कोरडी असते. ज्याची लेकरे लहान आहेत त्याने ती मोठी होईतो कार्तिकी वा माघी धरली, आषाढीस एकट्याने जाऊन आला किंवा घरीच एकादशी केली, तर नेम मोडत नाही; नेमाला वळण मिळते. 2020 साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. मानाच्या पादुका एसटीच्या गाडीने पंढरीस गेल्या, आणि लाखो वारकरी घरी बसून रडले. पण संप्रदायाने ते स्वीकारले. इतरांच्या जिवासाठी माऊली स्वतः गाडीत बसली. याहून मोठा निवाडा आम्हांस तरी दुसरा नको.

येथे एखादा विचारील की, गोरोबाकाकांचे काय? तेरचे गोरा कुंभार भजनात रंगून चिखल तुडवीत होते आणि त्यांचेच लेकरू त्या चिखलात पायाखाली आले. भक्ती अशीच असते ना, जिला लेकराचेही भान उरत नाही? ही शंका जड आहे आणि ती टाळून चालणार नाही.

आम्ही एवढेच सांगतो. गोरोबांनी लेकराला धोक्यात घालायचे ठरविले नव्हते. त्यांचे देहभान हरपले होते, आणि भान हरपलेल्याला निर्णय नसतो. आपण घाटावर उभे राहून, भाडे ठरवून, चपला हातात घेऊन नावेत बसतो, तेव्हा आपले भान शाबूत असते. भानावरच्या माणसाने भान हरपलेल्याची सवलत मागू नये. दुसरे असे की, त्या कथेत आईचा आक्रोश आहे. तिने फोडलेला टाहो, तिचा संताप, हे कीर्तनकारांनी कधी गाळले नाही. भक्तीच्या रंगाइतकाच तो टाहोही खरा आहे, असेच संप्रदायाने मानले. आणि शेवटी देवाने ते लेकरू परत दिले. म्हणजे जे झाले ते तसेच राहणे देवालाही सोसले नाही. त्या कथेत देणारा देव होता. आपण हिशेबात ते देणे आधीच जमा धरून निघू नये.

इतका वेळ आम्ही थांबण्याची बाजू मांडली. पण म्हणून नाव कधी लोटूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणे सोपे आहे. ज्याचे घर सडकेवर आहे त्याला ते शोभतेही. भामरागडकडे पाहा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. आणि हे एकाच पावसाळ्यात कितीदा तरी होते. अशा वेळी बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई असेल, तापाने फणफणलेले लेकरू असेल, तर थांबणे हाही धोकाच आहे. तेथे एका हातात नदीचा धोका आणि दुसऱ्या हातात घराचा धोका, असे दोन्ही तोलून पाहावे लागते, आणि जो बाप लेकराला छातीशी बांधून नावेत बसतो त्याला आम्ही नमस्कार करू.

भेद तो हा. जेथे राहण्यातही जिवाचा धोका आहे, तेथे निघणे हा धर्म होऊ शकतो. जेथे राहण्यात फक्त गैरसोय आहे, दिवस बुडतो, भाडे वाया जाते, लोक हसतात, दर्शन लांबते, तेथे लेकराचा जीव तागडीत टाकण्याचा अधिकार बापाला नाही, आईला नाही, बुवालाही नाही. दर्शन लांबणे हे दुःख मोठे आहे, आम्ही ते हलके लेखीत नाही. पण ते भरून येते. देव उद्याही विटेवर असतो. मार्कंडेश्वराचे लिंग उद्याही गाभाऱ्यात असते. त्या देवळाचे शिखर पूर्वी वीज पडून कोसळल्याचे सांगतात, तरी लोकांचे येणे थांबले नाही. लेकराचे तसे नाही.

आता निर्णय कसा करावा, याविषयी दोन शब्द. याबाबतीत समुद्रकाठचे कोळी बांधव आपले गुरू आहेत. कोकणचा किनारा पावसाळ्यात फार वाईट. नैर्ऋत्येचा वारा, खडक, फुटणाऱ्या लाटा. तरी त्यांचे पोट त्याच समुद्रावर. त्यांनी काय केले? रोज सकाळी उठून 'आज जावे का' हा प्रश्न प्रत्येकाच्या छातीवर ठेवला नाही. सगळ्या गावाने मिळून वर्षाचा नेमच ठरविला. पावसाळ्यात होड्या ओढून वर घ्यायच्या. श्रावणी पौर्णिमेला, नारळी पौर्णिमेला, समुद्राची पूजा करून नारळ वाहायचा, आणि मग दर्यात जायचे. आज सरकारी नियमानेही 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ती माशांच्या पैदाशीसाठी आणि माणसांच्या रक्षणासाठीही. या रीतीतील शहाणपण असे की, मोह समोर नसताना, पोट शांत असताना, सर्वांच्या विचाराने मर्यादा ठरली. तिला देवाच्या पूजेची जोड मिळाली, म्हणून ती पाळणारा भित्रा ठरला नाही. मोडणारा उद्धट ठरला.

आपणही तेच करावे. निर्णय घाटावर करू नये. घाटावर गर्दी असते, नाव भरत आलेली असते, पलीकडून टाळमृदंगाचा आवाज येत असतो. तेथे मन आधीच पलीकडे पोचलेले असते. निर्णय आदल्या रात्री घरी करावा, आणि त्यात घरधनिणीचे मत घ्यावे. पाणी इतके असेल तर जाऊ, याहून अधिक असेल तर पुलावरून फेरा घालू, वारा सुटला तर माघारी येऊ, असे तोंडाने बोलून ठेवावे. मग सकाळी आपल्याला नवा विचार करायचा नसतो, दिलेला शब्द पाळायचा असतो. आणि एक नेम असा असावा की, दोघांपैकी एकजण 'नको' म्हणाला तर ते 'नको' पुरे. 'हो'ला दोघांची संमती हवी, 'नको'ला एकाची बस. बाईचे मन कच्चे म्हणून तिचे बोलणे उडवू नये. बुडत्या लेकराला पोटाशी धरायची वेळ पुष्कळदा तिच्यावरच येते.

आजच्या नद्या पूर्वीसारख्या नाहीत, हेही ध्यानी असावे. आपल्या शिवारात ऊन पडले आहे म्हणून नदी शांत असेलच असे नाही. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे, त्याच्याही वर मध्य प्रदेशात संजय सरोवर आहे. चामोर्शीजवळ चिचडोहचा बंधारा आहे. 2020 सालच्या ऑगस्टच्या अखेरीस वरच्या धरणांतून पाणी सुटले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठच्या गावांत पूर शिरला. पंढरीसही हेच, उजनी आणि वीर येथून पाणी सोडले की वाळवंटातले चंद्रभागेचे पाणी पाहता पाहता चढते. म्हणून दवंडी, तलाठ्याचा निरोप, मोबाइलवर आलेली सूचना, यांस कानामागे टाकू नये. नदीच्या मनातले पूर्वी ढिवर सांगत. आता धरणाचे दरवाजेही विचारावे लागतात.

नावाड्याचा शब्दही मानावा, पण तो 'नको' म्हणेल तेव्हा अधिक मानावा. कारण त्या 'नको'ने त्याचे भाडे बुडते. पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतो आणि लाखांचा समुदाय क्षणात शांत होतो. तोच मान नावेत नावाड्याला असावा. तो म्हणाला 'दोघे उतरा', तर दोघांनी वाद न घालता उतरावे. जास्त माणसे बसली, मध्येच कोणी उठले, सगळे एका अंगाला झुकले, की नाव उलटायला वेळ लागत नाही. अंगावर लाइफ जॅकेट असावे, लेकराला त्याच्या मापाचे असावे. माळ घालताना जशी लाज वाटत नाही तशी हे घालतानाही वाटू नये.

याच्या उलट बाजूसही एक खड्डा आहे, तोही दाखविला पाहिजे. कित्येक आईबाप इतके भितात की लेकराला नदीच दाखवीत नाहीत, यात्रा दाखवीत नाहीत, पायी चालू देत नाहीत. असे लेकरू सुरक्षित राहते काय? ज्याने पाणी पाहिले नाही, ते पहिल्या पाण्यातच भांबावते. काठच्या ढिवरांची पोरे कमरेइतक्या पाण्यात हातपाय मारायला शिकतात, आणि नदीला भ्यावे केव्हा हेही त्याबरोबरच शिकतात. भय आणि सावधपण एक नव्हे. भ्यालेला डोळे मिटतो, सावध माणूस डोळे उघडतो. वारीला लेकरे न्यावीत. त्यांच्या कानी नाम पडावे, पायांना धूळ लागावी. फक्त त्यांना न्यावे ते त्यांच्या पायांच्या मापाने, त्यांच्या ऋतूत, त्यांच्या नावेत.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. वर आम्ही 'थांबावे' म्हणालो. पण थांबणे सर्वांस परवडते काय? गणपूरच्या त्या बाया यात्रेला निघाल्या नव्हत्या, मजुरीला निघाल्या होत्या. रोजी बुडली तर संध्याकाळची चूल अडते, अशा माणसाला 'आज नदीवर जाऊ नका' हा उपदेश नुसताच करणे म्हणजे त्याच्या दुःखाची थट्टा आहे. तेथे निर्णय त्या बाईचा एकटीचा नसतो. तिला पलीकडे बोलावणाऱ्याचा असतो, पूल लांब ठेवणाऱ्याचा असतो, आणि काठावर उभे राहून पाहणाऱ्या तुमचा-आमचाही असतो. आपल्या दिंड्या अन्नदान करतात, पाणपोया घालतात, ते पुण्य मोठे आहे. एखाद्या दिंडीने, एखाद्या सप्त्याच्या मंडळाने आपल्या घाटावरच्या नावाड्याला दहा-वीस लाइफ जॅकेटे दिली, त्यांत दोन-चार लहान मापाची दिली, तर ते अन्नदानाहून कमी ठरणार नाही. सप्त्याच्या शेवटी काल्याच्या कीर्तनात बुवांनी पाच मिनिटे नदीविषयी बोलावे. लोक ऐकतील, कारण ते बुवांचे ऐकतात. आणि घाटावर जो गृहस्थ लेकरांकडे पाहून माघारी वळेल, त्याला कोणी भित्रा म्हणू नये. उलट पुढे होऊन त्याच्या पाया पडावे आणि म्हणावे, "माऊली, तुमचे दर्शन झाले, आमची यात्रा पुरी झाली."

आपण विठ्ठलाला लेकुरवाळा म्हणतो. त्याच्या खांद्यावर, कडेवर, बोटाला संतांची लेकरे आहेत असे चित्र आपल्या घराघरांत लावलेले असते. ते चित्र घरातल्या बापाने रोज पाहावे. ज्याच्या अंगाखांद्यावर लेकरे आहेत त्याने पाऊल कसे टाकावे, हे त्या चित्रात आहे. तो देव धावत नाही, उडी घेत नाही, जपून चालतो.

रामकृष्णहरी.